परळ ते लालबाग, लांबच्या वाटेनं

माझ्या बायकोनं, इंदूनं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सायकलवरचं यंत्र चार्ज करणं.

दादरच्या धर्मशाळेत आमच्या हॉलमध्ये भिंतीला एकच प्लग होता. संध्याकाळी आमची पाळी आली. त्या यंत्राचं वायर घालायचं भोक ढिलं झालेलं. वायर एका बाजूला दाबून धरली तरच चार्जिंग होणार, सोडली की बंद. माझा हात हलतो, म्हणून ती धरायची. खाटेच्या कडेला बसून, अंगठ्यानं दाबून, जशी काय कुणाची नाडी बघतेय. मी मोसंबं सोलत होतो.

"बिया काढा नीट," ती म्हणाली. "माका थुकूक जमत नाय आता."

"मोसंब्याला बिया असतात. मी नाही घातल्या."

ती हसली, अंगठा सरकला, चार्जिंग बंद पडलं आणि पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "झालं का हो तुमचं?" एवढंच. दुसऱ्या दिवशी इंदूला वॉर्डात घेतलं. तिथून ती परत आली नाही. भोईवाड्याच्या स्मशानात तिला अग्नी दिला आणि तेराव्याला मी गावी आलो.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा मुंबईला गेलो, ते कशाला गेलो असं गावात सगळे विचारतात. काहीजण तोंडावर विचारतात, काहीजण पाठीमागे. म्हणून परत आल्यावर हे लिहितोय. माझं शिक्षण चौथी. चुका असतील. आणि मी रागात लिहितोय, तेही आधीच सांगतो. राग जायची वाट बघत बसलो तर लिहून होणार नाही.

आधी खोलीचं सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना माहीत नाही. लालबागला एका चाळीत तिसऱ्या माळ्यावर आपल्या गावची खोली आहे. गावकीची. आपले पुरुष मिलमध्ये लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून घेतली. प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीला, आणि वळकटी पसरायला जमिनीचा एक पट्टा. मी त्या पट्ट्यावर चाळीस वर्षं निजलो. आधी मिल होती, मिल गेल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामात. बायका गावी. शेत, सासूसासरे, गुरं, सगळं इंदूनं बघितलं. मी गणपतीला आणि शिमग्याला यायचो. खोलीचा नियम एकच पक्का, बाईमाणूस राहणार नाही.

इंदूला गळ्याखाली गाठ निघाली आणि आम्ही फाईल घेऊन परळच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात आलो, तेव्हा मी खोलीचा सेक्रेटरी गोविंद याला फोन केला. माझ्या चुलतभावाचा मुलगा. मी त्याला खांद्यावर घेऊन लालबागचे गणपती दाखवलेत. तो म्हणाला, "काका, दिवसा काकींना आणा ना, बसून जाऊ दे तासभर. रात्रीचं मात्र नाही जमणार. नियम आहे."

मी इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "बसूक नको माका. तुमी निजत होतास थंय एक रात निजाचा आसा. बघूचा आसा, चाळीस वर्सां कसे काढलास ते."

नाही जमलं. आम्ही हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर निजलो, निळ्या प्लास्टिकखाली, चार रात्री, मग दादरला धर्मशाळेत जागा मिळाली. फुटपाथपासून खोली सायकलनं दहा मिनिटं. हे नीट वाचा आणि मग पुढे जा.

सायकल आणि यंत्र माझा भाचा निलेश याचं. तो हौशी सायकलवाला, लोणावळ्याला जाऊन येतो. त्यानं नवीन घेतलं आणि जुनं मला दिलं. दीड काडेपेटीएवढं यंत्र. हँडलला बसतं. वर आकाशातून त्याला कळतं आपण कुठे आहोत, आणि गेलेल्या वाटेची रेघ काढतं. फोन खिशात असला की दुसऱ्याच्या फोनवर आपण ठिपका होऊन चालताना दिसतो. निलेशनं ते इंदूच्या फोनवर लावून दिलं. तिला रोग विसरायला खेळणं मिळालं. मी औषधं आणायला निघालो की तिचा फोन यायचा. "आता खंय? नायगाव? मगे थांबलास कित्याक, भजी खातास काय?" खरंच भजी खात असायचो.

एकदा गिरगाव चौपाटीवर बॅटरी संपून यंत्र मेलं. नरिमन पॉइंटला एका चहावाल्याकडे थोडं चार्ज करून मी ते परत लावलं. आलो तर ही पोट धरून हसतेय. मधली रेघ यंत्रानं सरळ समुद्रातून मारली होती. "दर्यातसून चललास काय हो?"

मग तिनं मागणं घातलं. म्हणाली, मला तुमची सगळी मुंबई एका रेघेत हवी. हॉस्पिटलच्या गेटपासून निघायचं. दादरला माझी साडी घ्यायचात ते दुकान. गिरगाव, जिथे मेसचं जेवायचात. कॉटन ग्रीनचं गोदाम. मिल. आणि शेवट खोलीत, तुमच्या पट्ट्यावर. मधे तुटलेली नको. समुद्रातून गेलेली तर नकोच.

परळहून लालबाग म्हणजे चालत जायचं अंतर. मला ते अख्खी मुंबई फिरून जायचं होतं आणि ती होती तोवर झालं नाही. आज हे इंजेक्शन, उद्या ते स्कॅन. म्हणून तेराव्यानंतर गेलो.

पहिला दिवस: गिरगावपर्यंत

उतरलो बाबूकडे, भोईवाड्यात. बाबूराव आणि मी मिलमध्ये एका खात्यात एकाच पाळीला होतो. त्याची बायको मुलीकडे बाळंतपणाला गेलेली. गावच्या खोलीत माझा हक्क होता, पण रेघ घेऊनच त्या उंबऱ्यात जायचं मी ठरवलं होतं.

"दत्त्या, तुझं वय काय, तू सायकलवर काय फिरतोस," बाबू म्हणाला.

"तुझ्याएवढंच आहे. तू कशावर फिरतोस?"

"मी फिरतच नाही. म्हणून जिवंत आहे."

सकाळी हॉस्पिटलच्या गेटाशी जाऊन बटण दाबलं. समोर फुटपाथवर तीच निळी प्लास्टिकं, आत नवीन माणसं. कुणी बाटलीतल्या पाण्यानं तोंड धूत होतं, कुणी एक्स-रेची पिशवी उशाला घेऊन अजून झोपलेलं. गेटवरचा माणूस म्हणाला, "ओ, सायकल हटवा." हटवली. थुंकावंसं वाटलं, थुंकलो नाही.

दादरला फुलबाजार भरला होता. आपल्याकडे अबोली परड्यात फुकट गळून जाते, इथे तिचं मोजून मापून चाललेलं. साडीचं दुकान अजून आहे. आता काचेचं झालंय आणि आत थंड हवा. पूर्वी गादीवर बसून साड्या अंगावर घेऊन दाखवायचे. मी दरसाल गणपतीआधी तिथे जायचो आणि प्रत्येक वेळी हिरवी आणायचो, आणि इंदू प्रत्येक वेळी म्हणायची, "मुंबैत दुसरो रंग मिळणा नाय?" बाहेर थांबून यंत्राकडे बघितलं. रेघ चालली होती.

वरळीहून पुढे समुद्राकडेनं नवा मोठा रस्ता झालाय, गुळगुळीत, अगदी ताटासारखा. त्यावर वळलो तर शिट्टी. "आजोबा, सायकल अलाऊड नाही." मग कुणाला अलाऊड? मोटारवाल्यांना. समुद्र बघायचा तर आधी मोटार घ्या. मी जुन्या रस्त्यानं हाजीअलीवरून घाम गाळत गेलो.

चौपाटीला पोचेपर्यंत यंत्र लाल दाखवायला लागलं. जुनी बॅटरी, दोन तास काढते कशीबशी. त्याची तयारी होती. निलेशनं पॉवर बँक दिली होती, ती सायकलच्या दांड्याला बांधली होती. वायर घातली, रबर लावून तिरकी दाबून बसवली. इंदूच्या अंगठ्याच्या जागी रबर. आणि काय झालं? पडद्यावरचा नकाशा गेला आणि तिथे एका कॉम्प्युटरचं चित्र आलं! यंत्राला वाटलं आपल्याला कॉम्प्युटरला जोडलंय. चाललेली रेघ त्यानं तिथेच गुंडाळली आणि बसलं गप्प. वायर काढली तर म्हणतं, नवीन सुरू करू?

मी चौपाटीवर उभा राहून मोठ्यानं शिव्या घातल्या. एक जोडपं उठून दुसरीकडे गेलं.

मेस होती त्या गल्लीत गेलो. मेस नाही, पण त्याच वाडीत एक खानावळ आहे, घरगुती. वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी. सोलकढीत नारळ कमी आणि पाणी जास्त, पण रंग लालभडक. आपल्याकडे असली कढी वाढली तर जेवणारा उठून जाईल. मी मात्र दोन वाट्या प्यायलो, तोंड कडू झालं होतं.

शेजारी मोबाईलचं दुकान. गल्ल्यावर पन्नाशीची बाई, कपाळाला मोठं कुंकू. तिला सगळं सांगितलं.

"वायर बदला, काका. तुमची ही वायर बोलते पण आणि वीज पण नेते. बोलणारी नको तुम्हाला. नुसती मुकी घ्या."

"माणसांसारखंच की."

"अहो, माणसांत मुकी मिळते कुठे?" ती म्हणाली आणि आतून नवरा ओरडला, "ऐकतोय मी!"

मुकी वायर घेऊन परत भोईवाड्याला. दिवस फुकट. रेघ पुन्हा हॉस्पिटलच्या गेटापासून.

दुसरा दिवस: मिलच्या दारात

पुन्हा गेट, पुन्हा "सायकल हटवा." दादर, हाजीअली, गिरगाव. मुकी वायर चालली. नकाशा जागेवर राहिला, बॅटरीची खूण भरत गेली. बोरीबंदरावरून गोदीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी जरा खूश होतो, खोटं कशाला सांगू.

त्या रस्त्याला ट्रक एवढे की सायकलवाला म्हणजे चिलट. धूळ, डिझेल, आणि खड्डे असे की बैलगाडीचा दांडा मोडेल. पण कॉटन ग्रीनला वळलं की एकदम शांत. मोठमोठी गोदामं, दगडी, काही बंद, काहींच्या भिंतीतून पिंपळ आलेला. आमचं गोदाम अजून चालू आहे. पूर्वी कापसाच्या गाठी, आता कसलेतरी खोके. दारात हमाल जेवायला बसले होते.

"काय मामा, रेसला चाललाय काय?"

"हो. तुझ्या आज्याबरोबर लावलीय."

त्यांनी मला भाकरीचा तुकडा आणि लसणीची चटणी दिली. पुढे शिवडीच्या चिखलात गुलाबी पक्षी उतरलेले दिसतात म्हणून तेवढंच आत जाऊन बघून आलो. हजारोंनी उभे, एका पायावर, माना चिखलात. आपल्या खाडीत बगळे येतात तसे, पण पाय लांब आणि रंग असा की कुणी कुंकवाच्या पाण्यात बुडवलेत. मोटारी घेऊन लोक फोटो काढायला आले होते. लांबून आलेल्या पाखरांना उतरायला मुंबईत जागा आहे. असू दे, पाखरांवर माझा राग नाही.

काळाचौकीला आलो आणि यंत्राकडे नजर गेली. लाल! वायर जागेवर, रबर जागेवर. पॉवर बँक बघितली तर तिचा दिवा बंद. बटण दाबलं, पेटली. थोडं पुढे गेलो, परत बंद. पुन्हा दाबलं. हे किती वेळा, सांगता येत नाही. शेवटी पेटेना की काही होईना. खोली आता चार गल्ल्यांवर होती, फक्त मिल मधे राहिली होती.

मिल कुठली. तिथे टॉवर आहे. मान मोडेल एवढा उंच. चिमणीच्या जागी कारंजं. गेट तेवढं जुनंच, त्याला सायकल टेकवली. आत चौकीत पंखा फिरत होता, त्याच्या शेजारी मोकळा प्लग मला बाहेरून दिसत होता.

"भाऊ, पाच मिनिटं हे लावू द्या."

"नहीं बाबा, ये सोसायटी का है."

"या जागेवर मी पंधरा वर्षं साचा चालवला, कापड विणलं. इथे, तू उभा आहेस तिथे."

"मेरे को मालूम है बाबा. सब आके यही बोलते हैं." तो वाईट बोलला नाही. उलट दमून बोलला. "मेरी नौकरी जाएगी."

पडदा काळा झाला. मिलच्या दारात. मी गेटाच्या लोखंडावर लाथ मारली. मला लागलं, गेटाला काही नाही. त्याच गेटाशी आम्ही संपात उभे होतो, तेव्हाही त्याला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी निलेशला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, यंत्र वीज एवढी कमी पितं की बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही. मग ती आपली आपण झोपते. जाऊ दे ना, मी माझं नवीन देतो. दिवसभर टिकतं."

"नवीन नको. हे तिनं धरलंय."

 मी फोन ठेवला.

लंगडत बाबूकडे बसलो होतो. त्याच्याकडे रात्री वाचायची एक छोटी दिवटी आहे, मान वाकणारी, मोबाईलच्या वायरीसारखी कशातही खुपसता येते. घरातले प्लग मी अडवले होते म्हणून बाबूनं ती माझ्या पॉवर बँकेच्या दुसऱ्या भोकात खुपसली आणि पेपर उघडला. थोड्या वेळानं मीच खेकसलो, "बाबू, माझी बँक संपवशील."

"अरे चालू आहे तुझी बँक. मघापासून चालूच आहे. विझत नाहीये."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी माझी वायर शेजारच्या भोकात घातली. दिवटी पेटलेली, यंत्र चार्ज होतंय, बँक जागी. दिवटी काढली की थोड्या वेळात बँक झोपली. परत लावली, जागी.

"म्हणजे हिला सोबत लागते," बाबू म्हणाला. "एकट्या कामाला ही उभी राहत नाही."

"घेऊन जाऊ का दिवटी?"

"आणि मी वाचू काय? माझं कपाळ?" असं म्हणून त्यानं ती माझ्या पिशवीत कोंबली.

तिसरा दिवस: लाईट चालू आहे

गेट. "सायकल हटवा." यावेळी मी म्हटलं, "हटवतो रे बाबा, आज शेवटचं."

दिवटीची मान हँडलवर वाकवून पेटवली होती. लख्ख ऊन आणि पुढे दिवा. आता मुंबईच्या माणसाला एक खोड आहे. रस्त्यात तुम्ही पडलात तर बघेल की नाही सांगता येत नाही, पण गाडीचा दिवा दिवसा चालू राहिला तर तो जीव तोडून तुम्हाला सांगणार. स्टँड वर राहिला, ओढणी चाकाजवळ आली, दिवा राहिला, हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

दादरला फुलवाली: "बाबा, लाईट!"

पोर्तुगीज चर्चच्या सिग्नलला बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून: "आजोबा, लाईट चालू आहे!"

"माहीत आहे!"

"मग बंद करा!"

"नाही करत!"

हाजीअलीला स्कूटरवर मागे बसलेली बाई दोन्ही हातांनी फुलपाखरासारखं करून दाखवत होती. वरळीचा शिट्टीवाला म्हणाला, सायकल अलाऊड नाही आणि लाईट चालू आहे. गिरगावात मोबाईलवाली दारात उभी होती, ती हसून म्हणाली, "अगंबाई, हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, पेपर वाचणाऱ्यानं. गोदीच्या रस्त्याला ट्रकचा क्लीनर दाराला लोंबकळत ओरडला, "चाचा, बत्ती!" सुरुवातीला मी प्रत्येकावर खेकसलो. मग सकाळभर कुणी ना कुणी माझ्यासाठी ओरडतंय हे लक्षात आलं आणि आणखीच राग आला. एवढी नजर आहे तुम्हाला! बोटभर दिवटी दिसते. फुटपाथवर पसरलेली माणसं दिसत नाहीत?

कॉटन ग्रीनला हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबलो नाही. मिलच्या गेटाशी कालचाच वॉचमन. त्यानं दिवटीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि पहिला माणूस तो, जो काही बोलला नाही. नुसती मान हलवली. मीही हलवली.

चाळीच्या जिन्याशी सायकल लावली. यंत्र हँडलवरून काढलं, बँक, वायर, दिवटी सगळं छातीशी धरलं आणि तीन माळे चढलो. प्रत्येक माळ्यावर थांबलो. रेघ चालू होती.

खोलीचं दार उघडंच असतं. गोविंद बनियनवर शर्टाला इस्त्री करत होता. बाकीची तीन-चार पोरं दुपारपाळीची, जेवून आडवी झालेली. ती उठून बसली.

"काका! या या. लाईट चालू आहे तुमची."

मी सरळ आत गेलो. माझा पट्टा खिडकीपासून तिसरा. तिथे आता पाण्याचं पिंप आणि चपलांचा ढीग.

"हे काढ."

"काका, बसा ना आधी. काकींचं कळलं. फार वाईट झालं. मी येणार होतो भोईवाड्याला, पण ड्युटी..."

"तुला मेल्याचं कळलं. फुटपाथवर होती ते नव्हतं कळलं? मीच फोनवर सांगितलं होतं."

"काका, नियम माझा आहे का? गावच्या मंडळाचा आहे. पोरं अशी उघडी झोपतात, मोरीला नीट आडोसा नाही. उद्या एकीला ठेवलं तर सगळे आणतील. काय करायचं मग?"

"मग सगळ्या येतील. आजारी बायका. नाचायला येणार आहेत काय त्या लालबागला?"

एक पोरगा गालात हसला. गोविंदनं इस्त्री उभी ठेवली. "तुम्ही मोठे आहात. भांडू नका."

"भांडायला नाही आलो. पिंप काढ. मला निजायचंय."

पिंप भरलेलं होतं, हलेना. शेवटी गोविंद आणि मी दोघांनी ते ओढलं. चपला पोरांनी उचलल्या. मी नुसत्या लादीवर निजलो. उजवीकडे भिंत, डोक्याशी ट्रंका, वर तेच पत्र्याचं फडताळ. यंत्र छातीवर ठेवून शेवटचं बटण दाबलं. दिवटी विझवली.

नकाशा आला. हॉस्पिटलचं गेट, दादर, हाजीअली, गिरगाव, गोदी, कॉटन ग्रीन, मिल, चाळ. एक रेघ. कुठे तुटलेली नाही, समुद्रात गेलेली नाही. फक्त शेवटी जिन्यात आणि खोलीत यंत्राला आकाश दिसत नसल्यामुळे ती तिथल्या तिथे फिरून फिरून फणीतल्या गुंतवळासारखी झाली होती.

"काय आहे हे, काका?" गोविंद वाकून बघत होता.

"तुझ्या काकीनं मागितलं होतं. ही खोली बघायची होती तिला."

"दाखवता आलं असतं फोनवर. व्हिडिओ कॉल केला असता आपण."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच मदतीच्या भावनेनं बोलला होता. हेच तर. वाईट माणूस असता तर मी मारला असता त्याला. तो म्हणाला, "चहा ठेवू?" मी भिंतीकडे कूस केली.

रेघ पूर्ण झाली की मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. ज्या फोनवर ती दिसायला हवी तो बंद पडून ट्रंकेत आहे. मी तो चार्ज करत नाही. लादी थंड होती आणि माझ्या एकट्याच्या मापाची होती, आणि मला सारखं दिसत होतं की इंदू काही जाड बाई नव्हती. शेवटी शेवटी तर अजिबातच नाही. ती मावली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पोरं उठायच्या आधी मी खाली उतरलो आणि सायकल घेऊन हॉस्पिटलसमोर गेलो. यंत्र खोलीतच ठेवलं.

निळ्या प्लास्टिकच्या कडेला एक बाई बसली होती. चाळिशीची, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, मांडीवर फाईल. शेजारी नवरा दोन पिशव्या धरून.

"कुठल्या?"

"लांज्याच्या," नवरा म्हणाला. "नंबर लागलाय परवाचा."

"आंघोळ कधी केली होतीत?" मी बाईला विचारलं. असं परक्या बाईला कुणी विचारतं का, पण मी विचारलं. ती फाईलकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गावी."

"चला."

नवरा दचकला. "खंय?"

"लालबागला. आमच्या गावची खोली आहे. घाबरू नका, तुम्हीपण या. पिशव्या सायकलला अडकवा."

जिना चढताना ती दोनदा बसली. वर पोरं ब्रश तोंडात घेऊन गॅलरीत उभी होती, मोरीसाठी रांग लागली होती. गोविंद दारात आला. त्यानं बाईकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं.

"काका, ही आपल्या गावची पण नाही."

"नाही."

"मी मंडळाला काय सांगू?"

"सांग, दत्तारामनं आणली. त्याच्या पट्ट्यावर आहे. तो गॅलरीत निजतोय."

तो दारातून हलला नाही. मीही हललो नाही म्हणून सांगतो, पाय दुखत होता तरी. मग रांगेतल्या एका पोरानं बालदी बाजूला केली आणि गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं, कुणी सांगितलं नसताना. गोविंदनं त्याच्याकडे रागानं बघितलं, आणि मग आत जाऊन शर्ट घातला.

मी माझ्या जुन्या ट्रंकेतली चादर काढून मोरीला बांधली, दोन्ही खिळ्यांना, खालपर्यंत. पाणी कढत झालं, बाई आत गेली. मी मोरीकडे पाठ करून बाहेर उंबऱ्यावर बसलो. आत पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पोरांना कामावर जायला उशीर होत होता, एकजण घड्याळ बघत होता.

"होऊ दे," मी म्हटलं.